सापडणारं घर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



महिला मंडळानं मला विषय दिला, 'घर नीटनेटकं ठेवण्यासाठी रोजच्या छोट्या सवयी'. विषय जाहीर झाल्यावर आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी मला म्हणाल्या, "ताई, ज्यांनी हे ऐकायला हवं ते खाली पार्किंगमध्ये गप्पा मारत बसतील, आणि ज्यांची घरं आधीच आरशासारखी आहेत त्याच पहिल्या रांगेत येतील." इथून बघते तर पहिली रांग अगदी त्यांनी सांगितल्यासारखीच आहे. पण पार्किंगमधली मंडळीही वर आलेली दिसताहेत. ती नंतरच्या बटाटेवड्यांसाठी आली असली तरी माझी काही हरकत नाही.

एक आधीच सांगते. मी गृहव्यवस्थापनातली तज्ज्ञ वगैरे नाही. माझी ३१ वर्षं नोकरी झाली ती कॉलेजच्या ग्रंथालयात. सकाळी डोंबिवलीहून लोकल, दिवसभर पुस्तकं, संध्याकाळी पुन्हा लोकल. त्यामुळे मला एकच गोष्ट येते. हजारो वस्तू अशा ठेवायच्या की कुणीही आलं तरी त्याला हवी ती वस्तू पाच मिनिटांत मिळाली पाहिजे. आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या एका गोष्टीतून आलेलं आहे.

आमच्या क्षेत्रात एक मोठं नाव आहे, डॉ. एस. आर. रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पाचही नियम एवढे साधे आहेत की पहिल्यांदा वाचताना हसू येतं. पहिला नियम म्हणजे पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आता यात सांगण्यासारखं काय आहे? पण एके काळी युरोपात पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत असत, कुणी नेऊ नये म्हणून. सांभाळणं म्हणजेच ग्रंथालय, असा समज होता. आपल्याकडे शोकेसमधला तो कपबशांचा सेट आठवा. लग्नात आलेला, अजून एकदाही चहा न पाहिलेला. ती आपली साखळीच.

पण मला आज जास्त महत्त्वाचा वाटतो तो चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय कसं दिसतं याबद्दल रंगनाथन या नियमात बोलत नाहीत. आलेल्या माणसाला वस्तू किती लवकर मिळते, एवढंच ते विचारतात. घराला हाच प्रश्न विचारला की 'नीटनेटकं' या शब्दाचा अर्थच बदलतो.

एक उदाहरण सांगते. त्या घरच्यांना विचारूनच सांगते आहे, आणि नाव सांगणार नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्याच सोसायटीतले एक काका रात्री साडेअकराला बाथरूमच्या दाराशी पडले. बोलणं अडखळायला लागलं. शेजारी धावले, गाडी निघाली, हॉस्पिटलात पोचले, सगळं वेळेत झालं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" काकूंना माहीत होतं ते एवढंच, की सकाळी एक पांढरी आणि रात्री एक लहान गुलाबी. अशा वेळी या प्रश्नाच्या उत्तरावर डॉक्टरांचं पुढचं पाऊल ठरतं. म्हणून मुलगा परत घरी आला शोधायला. हे घर असं आहे, की फरशीत आपलं तोंड दिसावं. दिवाणावरच्या चादरीला सुरकुती नाही. पण डॉक्टरांची चिठ्ठी मिळेना. औषधं काका स्वतःच आणत, स्वतःच ठेवत. शेवटी ती मिळाली पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि ते पाकीट कपाटात साड्यांच्या मागं. मेडिक्लेमचं कार्ड आणखी तिसरीकडे. यात पाऊण तास गेला.

काका आता छान आहेत, आणि आज वड्यांच्या रांगेत बहुधा पहिले असतील. पण मी तेव्हापासून दोन शब्द वेगळे वापरायला लागले. आवरलेलं घर वेगळं आणि सापडणारं घर वेगळं. ते घर आवरलेलं होतं, सापडत नव्हतं. आणि याउलट काही घरं असतात, जिथे पसारा दिसतो पण अंधारातसुद्धा वस्तू हाताला लागते. दोन्हींतलं एकच निवडा म्हटलं तर मी दुसरं निवडीन.

अंधारावरून आठवलं. भारनियमनाचे दिवस आठवतात ना? आपली सोसायटी तेव्हा नवी होती. दिवे गेले की प्रत्येक घरात मेणबत्ती आणि काडेपेटी काळोखात हाताला लागायची. कुणाची फ्रिजवर, कुणाची देवघराच्या कोपऱ्यात. सहा वर्षांच्या पोराला माहीत, आजीला माहीत, आदल्या दिवशी आलेल्या पाहुण्यालासुद्धा माहीत. जागा ठरलेली होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती, एवढंच त्यामागचं शास्त्र. त्या एका वस्तूपुरते आपण सगळेच उत्तम ग्रंथपाल होतो. मग इन्व्हर्टर आले आणि आपण ती विद्या विसरलो.

आता थोडं नाजूक बोलते, पुरुष मंडळींनी राग मानू नये. बहुतेक घरांत वस्तू कुठे आहे हे एकाच माणसाला माहीत असतं. "आई, माझा निळा शर्ट?" "अगं, ती टाचणीची डबी?" "सूनबाई, माझा चष्मा?" आणि ती बाई ओट्याशी पोळी लाटता लाटता, मान न वळवता सांगते, "दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, मागच्या बाजूला, बिलांच्या खाली." आपण कौतुकानं म्हणतो, हिला सगळं पाठ असतं.

आमच्या ग्रंथालयात एक जुने शिपाई होते. त्यांना प्रत्येक पुस्तकाची जागा तोंडपाठ. तालिका बघायची गरजच नाही, मामांना विचारा. प्राध्यापकसुद्धा त्यांनाच विचारत. आणि मामा गणपतीला कोकणात गेले की दहा दिवस आमचं ग्रंथालय जवळजवळ बंद! पुस्तकं जागच्या जागी, कर्मचारी हजर, पण पुस्तक मिळत नाही. कारण तालिका कपाटात नव्हती, ती मामांबरोबर एसटीत बसून गावी गेली होती. मामा हुशार होते यात वादच नाही. व्यवस्था मात्र कच्ची होती. घरातल्या आईच्या डोक्यातली तालिका तशीच आहे. ती माहेरी गेली, आजारी पडली, की घराचं ग्रंथालय बंद.

सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. त्यात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यावर घालवतात असं दिसलं, आणि ती कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय अशी कामं करणाऱ्या बायका शंभरात ८१ आणि पुरुष २६. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासच झाले. आणि 'दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, मागच्या बाजूला' हे दिवसातून चाळीसदा सांगणं, त्याची मिनिटं कोण मोजणार? म्हणून माझं म्हणणं असं, की ज्या सवयी लावायच्या त्या घर चकचकीत करण्यासाठी लावू नका. आईच्या डोक्यात जे आहे ते हळूहळू घरात उतरावं, भिंतीवर, डब्यावर, कपाटाच्या दारावर, यासाठी लावा.

ते कसं करायचं, ते सांगते.

वस्तूची जागा ठरवताना ती कुठे शोभते हे बघू नका, ती कुठे वापरली जाते ते बघा. कात्री घ्या. दुधाची पिशवी कापायला ओट्याजवळ लागते आणि कुरिअरचं पाकीट उघडायला हॉलमध्ये लागते. घरात कात्री एकच असली की ती कायम हरवलेली असते. दोन घ्या, हा खर्च नाही. किल्ल्या, रेल्वेचा पास, चष्मा या तिन्ही वस्तू दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर. जुन्या घरांत खुंटी आणि दिवळी असायची ती यासाठीच. आत आलं की टोपी खुंटीवर, किल्ली दिवळीत. आपल्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं दिवळी दिली नाही, पण दोन हुक आणि एक छोटी फळी आपल्याला लावता येते. लोकल पकडणाऱ्या माणसाला सकाळची चार मिनिटं म्हणजे काय, हे डोंबिवलीकरांना मी सांगायला नको.

डब्यांवर नावं लिहा. हे सांगितलं की बायका हसतात. "मला कळतं की जिरं कुठलं नि ओवा कुठला!" तुम्हाला कळतं हो, पण तुमच्या यजमानांना कळत नाही, आणि म्हणून ते चहापलीकडे जात नाहीत. तसं बघितलं तर वस्तूवर लिहिण्याची आपली परंपरा जुनी आहे. आपल्या आया-आज्यांच्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असायची. कुणी दिलं, कशाप्रीत्यर्थ, तारीख काय. डोहाळजेवण, मुंज, लग्न. आम्ही ग्रंथालयात आलेल्या पुस्तकावर दाखल क्रमांक घालतो, तसंच हे. पंगतीला शेजारी नेलेलं पातेलं नावावरून परत येत असे. माझ्याकडे आजही आत्याच्या नावाचा एक डबा आहे आणि आत्या जाऊन वीस वर्षं झाली.

आता दुसरी गोष्ट, परत ठेवणं. इथे तुम्हाला एक गंमत सांगते. वाचनकक्षात पाटी असते, 'वाचून झालेलं पुस्तक कृपया टेबलावरच ठेवावे'. लोकांना वाटतं, हे काय उलटं? कारण असं आहे, की वाचकानं चांगुलपणानं पुस्तक कपाटात ठेवलं आणि एक फळी चुकली, तर ते पुस्तक इमारतीत असूनही हरवलं. टेबलावर पडलेलं पुस्तक हरवत नाही, ते फक्त वाट बघत असतं.

घरात हरवण्याचं सगळ्यात मोठं कारण पसारा नसतो, घाईघाईनं केलेली आवराआवर असते. पाहुणे स्टेशनवर उतरले असा फोन येतो. आपण हॉलमधलं सगळं, म्हणजे बिलं, चार्जर, शाळेचं सूचनापत्रक, अर्धवट विणलेला स्वेटर, एका पिशवीत कोंबतो आणि पिशवी दिवाणाखाली. हॉल सुंदर दिसतो. पाहुणे "किती छान ठेवलंय" म्हणतात. ती पिशवी मग दिवाणाखालीच राहते. पुढच्या पाहुण्यांना दुसरी पिशवी. सगळ्यांकडे अशा पिशव्या आहेत, पहिल्या रांगेकडेसुद्धा.

त्यावर उपाय म्हणजे टेबल, म्हणजे परतीची टोपली. हॉलमध्ये एक उघडी, रुंद टोपली ठेवा. झाकण नको. ज्याचा पत्ता लगेच आठवत नाही ती वस्तू टोपलीत. आणि रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं ती टोपली रिकामी करायची. आमच्या घरी टोपली मी रिकामी करत नाही. प्रत्येक जण आपापली वस्तू उचलतो. दुसऱ्याची वस्तू आपण ठेवायची नाही, कारण मग तालिका पुन्हा एकाच डोक्यात जाते. नातू चार वर्षांचा आहे, तो त्याच्या दोन गाड्या उचलतो आणि तिसरी लपवून ठेवतो. ते चालायचंच.

ही दहा मिनिटं रोज आठवणार कशी? तर ती कशाला तरी बांधायची. नवीन सवय एकटी उभी राहत नाही, जुन्या सवयीच्या खांद्यावर बसवली तर राहते. आपल्याकडे रोज न चुकणाऱ्या गोष्टी किती आहेत बघा. सकाळी दूध तापवणं. संध्याकाळी दिवा लावणं. रात्री विरजण लावणं, झोपताना गॅसचा नॉब बघणं. विरजण लावायच्या आधी टोपली, असं ठरवलं की गजर लावायला नको. दूध तापेपर्यंत ओट्याशी उभं राहायचं असतंच, तेवढ्यात कालची भांडी जागेवर जातात. तिथून हललात तर दूध उतू जाणार, त्यामुळे पर्यायही नसतो!

व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरत असतो, '२१ दिवस करा, सवय लागते'. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दर १ जानेवारीला येतो. ज्या अभ्यासाबद्दल मला नीट ठाऊक आहे, तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ९६ लोकांनी रोज एक छोटी गोष्ट करायची ठरवली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी थोडं धावायचं. ती आपोआप व्हायला लागायला किती दिवस लागतात ते बघितलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस. आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. तेव्हा बाविसाव्या दिवशी यजमानांनी ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला तर लगेच निराश होऊ नका. ते बहुधा २५४ वाले असतील. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं, जे मला फार दिलासा देणारं वाटतं. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष काही बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की सगळंच सोडतो. गणपतीत चार दिवस टोपली भरून वाहिली, वाहू द्या. विसर्जनानंतर परत सुरू करा.

घर आवरण्याच्या पुस्तकांनी जगप्रसिद्ध झालेल्या जपानच्या मारी कोंडो यांनीसुद्धा तिसरं मूल झाल्यावर, २०२३ साली, सांगून टाकलं की आता घर पूर्वीसारखं आवरलेलं राहत नाही आणि मुलांबरोबरचा वेळ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण तर दोन खोल्यांत सहा माणसं राहिलेले लोक!

आता कागद. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरी गोम इथे आहे.

कागद घरात दारातून येतो, आणि त्याचा निकाल दारातच लागला पाहिजे. उभ्या उभ्या. खाली बसलात की तो टीपॉयवर जातो, टीपॉयवरून वर्तमानपत्राखाली जातो आणि मग रद्दीत. मेंटेनन्सचं बिल, वीजबिल, लग्नपत्रिका, बँकेचं पत्र, जाहिरात. आत येता येता जाहिरात कचऱ्यात, पत्रिकेची तारीख कॅलेंडरवर लिहायची, भरायची बिलं एका चापात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते रोज केलं तर महिन्याच्या शेवटी कागदांचा ढीग घेऊन बसावं लागत नाही.

पण बिलं हरवली तर दुसरी मिळतात. ज्या कागदांसाठी नंतर धावाधाव होते ते वेगळे. फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मेडिक्लेम आणि विमा. पेन्शनचे कागद. बँकेच्या ठेवींच्या पावत्या. आणि सगळ्यात वर एक साधा कागद, घरातल्या प्रत्येकाची चालू औषधं, कशाची अॅलर्जी आहे, रक्तगट, डॉक्टरांचा फोन. या सगळ्याची एकच फाइल करा, भडक रंगाची. घरातल्या किमान दोघांना तिची जागा माहीत हवी, आणि त्यातला एक जण असा हवा की जो एरवी घरातलं काही शोधत नाही. औषधांचा कागद पेन्सिलीनं लिहा, म्हणजे गोळी बदलली की त्याच दिवशी खोडून लिहिता येतं. तारीख घालायला विसरू नका. जुना कागद कधीकधी कागद नसण्यापेक्षा वाईट.

ही फाइल दिवाणाच्या खालच्या खणात ठेवू नका. २६ जुलै २००५ आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेलच. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कल्याण-डोंबिवलीच्या सखल भागातही पाणी शिरलं. फ्रिज, गाद्या यांचं दुःख लोकांनी केलं, पण नंतर वर्षभर ज्यांनी खेटे घातले ते भिजलेल्या कागदांसाठी. फाइल छातीच्या उंचीवर असावी, प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि पावसाळ्यात एकदा उघडून बघावी. कसर कागद खाते ती आवाज न करता. आता डिजिलॉकर आहे, फोनमध्ये फोटो काढून ठेवता येतात, ते अवश्य करा. पण फोनचा पासवर्ड ज्याला माहीत तोच आयसीयूत असला तर? म्हणून कागद हवाच.

ठेवींबद्दल एक सांगते. बँकेत दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. वारसांना ती परत मागता येते. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' नावाची वेबसाइट काढली. एवढी सोय करावी लागली, याचाच अर्थ घरोघरी वडिलांनी ठेव ठेवली आणि पावती कुठे ठेवली ते सांगितलं नाही. सांगणार कधी? "मी मेल्यावर तुम्ही काय करणार?" हा विषय जेवताना काढला की घरातले म्हणतात, "अशुभ काय बोलता!" त्यापेक्षा "चल, तुला फाइल दाखवतो" हे म्हणणं सोपं आहे.

माळ्याबद्दल थोडक्यात. माळ्यावर काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. खोक्यांना १, २, ३ असे मोठे आकडे घाला आणि कुठल्या खोक्यात काय याची यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. झाली तालिका. दिवाळीच्या साफसफाईला सगळं खाली काढतोच, तेव्हाच हे करून टाकावं. आणि तेव्हाच निर्लेखन करावं. हा आमचा ग्रंथालयाचा शब्द आहे. फाटलेली, कालबाह्य पुस्तकं यादीतून रीतसर काढून टाकायची, म्हणजे नव्याला जागा होते. पण त्याचा एक कडक नियम आहे, कुणाही एकट्यानं निर्लेखन करायचं नाही, समिती लागते. घरीही तसंच. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता टाकू नका. तुम्हाला जे रद्दी दिसतं ते कुणाच्या तरी पहिल्या नोकरीचं पत्र असतं. जे टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, ते पॅसेजमध्ये मात्र नको. आपल्या जिन्यातली चपलांची कपाटं आणि जुन्या सायकली हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे आणि ते भाषण सेक्रेटरी दर सर्वसाधारण सभेत करतातच. आग लागली तर तोच एक रस्ता आहे, एवढंच म्हणते.

शेवटची गोष्ट ज्येष्ठांविषयी. २५ वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा संध्याकाळी खाली मुलांचा एवढा गोंगाट असायचा की वॉचमन वैतागायचे. ती मुलं आज पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत आहेत. बऱ्याच घरांत दोघंच आहेत, काही घरांत एकच. मुलगी किंवा सून आठ दिवस येते, प्रेमानं सगळं घर लख्ख आवरून देते आणि जाते. मग आजोबांना महिनाभर काही सापडत नाही. ज्याची नजर कमी झालीय, ज्याला विसरायला होतं, त्याच्यासाठी वस्तूची जागा म्हणजे त्याची काठी असते. टीव्हीशेजारची औषधांची ट्रे वाईट दिसत असेल, दिसू द्या. पाण्याचा तांब्या ज्या कोपऱ्यावर आहे तिथेच राहू द्या. आवरायचंच असेल तर त्यांना शेजारी बसवून, विचारून आवरा. आणि जाताना त्या भडक फाइलचा फोटो आपल्या फोनमध्ये घेऊन जा.

आणि एक शेजारधर्म. एकटं राहणाऱ्यांनी फाइल कुठे आहे ते समोरच्या दाराला सांगून ठेवावं. किल्ली आपण ठेवायला देतोच ना? तसंच हे.

सेक्रेटरींनी मला आठवण करायला सांगितलं आहे, की सोसायटीच्या दप्तरात बऱ्याच सभासदांच्या फायलींत नॉमिनेशनचा कागदच नाही. काहींनी केलं होतं, पण ज्यांचं नाव दिलं ते आता राहिले नाहीत, आणि नवीन फॉर्म भरलेला नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा, त्यामुळे मृत्युपत्राचा विचार वेगळा करावा लागतो. त्यासाठी वकिलांना विचारा. पण नॉमिनेशन असलं तर सोसायटीला पत्रव्यवहार कुणाशी करायचा हे तरी कळतं. कोरे फॉर्म खाली ऑफिसमध्ये आहेत, टेबलाच्या डाव्या हाताच्या पहिल्या खणात. मॅनेजर सकाळी दहा ते एक असतात. साक्षीदार दोन लागतात. ते तुम्हाला याच गच्चीवर मिळतील.